पौंडाचा भाव आणि आमची द्राक्षं : इंग्लंडमधले अकरा दिवस

22 जून 2016, बुधवार. हॅरो

हीथ्रोला उतरलो तेव्हा दुपार झाली होती. मामेभाऊ न्यायला आला होता. गाडीत बसल्या बसल्या त्याने विचारलं, "दादा, नेमका याच आठवड्यात कसा आलास?"

युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं, यावर दुसऱ्याच दिवशी ब्रिटनमध्ये सार्वमत होतं. पण मी मुहूर्त पाहून आलो नव्हतो. आमचा निफाड तालुक्यातल्या अकरा द्राक्ष बागायतदारांचा गट आहे. जानेवारी ते एप्रिल आम्ही थॉमसन सीडलेस विलायतेला पाठवतो. माल विकला गेला, पट्टी लागली, की जून-जुलैत खरेदीदाराकडून शेवटचा हिशोब येतो. यंदाचे चोवीस हजार पौंड यायचे बाकी होते. शिवाय पुढच्या हंगामाचं बोलणं समोरासमोर करावं, असं सगळ्यांनी ठरवलं आणि इंग्रजी त्यातल्या त्यात बरं म्हणून मला पाठवलं. मी निघालो तेव्हा पौंड शंभर रुपयांच्या आसपास होता. चोवीस हजार पौंड म्हणजे चोवीस लाख, हा हिशोब अकराही जणांना तोंडपाठ होता.

हॅरोच्या गल्ल्यांमध्ये काही खिडक्यांना पोस्टरं लावलेली दिसली. कुठे 'रिमेन' म्हणजे राहा, कुठे 'लीव्ह' म्हणजे सोडा. संध्याकाळी टीव्हीवर ट्राफल्गर चौकातली गर्दी दाखवत होते. 16 जूनला जो कॉक्स या खासदार बाईंचा भर रस्त्यात खून झाला. आज त्यांचा बेचाळिसावा वाढदिवस असता. वहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या आणि उभ्याउभ्याच बघत राहिल्या.

23 जून, गुरुवार. हॅरो

मतदानाचा दिवस. सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत. पाऊस असा कोसळला की काही ठिकाणी रस्त्यांवर पाणी साचलं आणि लोकलचे मार्ग बंद पडले.

भाऊ आणि वहिनी मत द्यायला निघाले तेव्हा मी चकित झालो. दोघांकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे. पण इथे राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना या सार्वमतात मत होतं. आणि शेजारी अकरा वर्षं राहणारं पोलिश जोडपं, ज्यांच्या राहण्याचाच प्रश्न मतपेटीत होता, त्यांना मत नव्हतं. युरोपीय संघातल्या देशांपैकी फक्त आयर्लंड, माल्टा आणि सायप्रसच्या नागरिकांना ते होतं. निफाडहून आलेल्या माझ्या भावाने वॉर्साच्या शेजाऱ्याचं भवितव्य ठरवायचं, ही गोष्ट मला दिवसभर डाचत राहिली.

मी शाळेच्या फाटकाबाहेर छत्री धरून थांबलो. आत कागदावर एकच प्रश्न : युनायटेड किंगडमने युरोपीय संघात राहावं की संघ सोडावा? दोन चौकोन आणि फुली मारायला पेन्सिल. पेन्सिलीची खूण कुणी पुसेल या भीतीने काही जण घरून पेन घेऊन आले होते, असं वहिनींनी सांगितलं. माणसांचा एकमेकांवरचा विश्वास किती उडालाय, ते मला त्या पेनांवरून कळलं.

रात्री कुणीच झोपलं नाही. दहा वाजता पौंड दीड डॉलरवर होता. मध्यरात्रीनंतर संडरलंडचा निकाल लागला. निसानचा मोटार कारखाना असलेलं हे गाव, तिथे 61 टक्के लोकांनी 'सोडा' म्हटलं. टीव्हीच्या कोपऱ्यातला पौंडाचा आकडा आमच्या डोळ्यांदेखत ढासळायला लागला. मी मोबाइलवर गुणाकार करत होतो. दर पंधरा मिनिटांनी उत्तर कमी येत होतं.

24 जून, शुक्रवार. हॅरो

पहाटे पाचला वीस मिनिटं कमी असताना बीबीसीवर डेव्हिड डिंबलबी यांनी सांगून टाकलं की ब्रिटनचा कौल बाहेर पडण्याचा आहे. 51.9 विरुद्ध 48.1. एक कोटी चौऱ्याहत्तर लाख लोक एकीकडे, एक कोटी एकसष्ट लाख दुसरीकडे. पौंड 1985 नंतरच्या तळाला गेला होता. त्याच सुमाराला आपल्याकडे शेअरबाजार उघडला आणि सेन्सेक्स हजार अंशांनी कोसळला. दिवसअखेर थोडा सावरला, तरी 605 अंशांनी खालीच बंद झाला.

आठ वाजून गेल्यावर पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून घराबाहेर येऊन उभे राहिले आणि राजीनामा देणार म्हणाले. त्यानंतर बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर मार्क कार्नी आले. गरज पडली तर बँकांसाठी 250 अब्ज पौंड तयार ठेवलेत, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. त्या सबंध सकाळी हातात काहीतरी तयारी असलेला मला दिसलेला हा एकच माणूस. बाकी ज्यांनी सार्वमत मागितलं ते, ज्यांनी दिलं ते आणि ज्यांनी जिंकलं ते, यांपैकी कुणाकडेही पुढचं पान लिहिलेलं नव्हतं. 'सोडा' म्हणजे नेमकं काय सोडायचं? व्यापार? माणसांची ये-जा? नियम? कागदावर हे विचारलंच नव्हतं.

नाशिकहून बँकेतल्या ओळखीच्या अधिकाऱ्यांचा फोन आला. "अण्णा, मी एप्रिलमध्ये म्हणत होतो, फॉरवर्ड कव्हर घ्या." बँकेशी आजच दर बांधून घ्यायचा, मग पैसे येतील तेव्हा बाजारात काहीही असो, तोच दर मिळतो. त्याला थोडा खर्च येतो. तो खर्च वाचवायचा निर्णय माझा होता. अकरा जणांच्या वतीने मी तो घेतला होता.

दुपारी आणखी एक गोष्ट झाली. शेजारच्या पोलिश ताई कचऱ्याचा डबा आत घ्यायला बाहेर आल्या, वहिनी त्यांच्याशी बोलायला गेल्या. ताईंचे डोळे रडून सुजले होते. त्यांनी सरळ विचारलं, "तुम्ही काय मत दिलंत?" वहिनी म्हणाल्या, राहा. मग त्यांनी भावाकडे पाहिलं. तो दारात उभा होता. काही बोलला नाही.

वहिनींनाही तेव्हाच कळलं.

रात्री तो मला म्हणाला, "दादा, बायकोच्या आईला सहा महिने राहायला आणायचं तर किती कागद, किती फी, किती नकार. आणि युरोपातून कुणीही बॅग उचलून येतो. ते थांबले तर आपल्या लोकांना वाट मिळेल असं प्रचारात सांगत होते." ही आशा इथल्या पुष्कळ भारतीयांना दाखवली गेली होती. त्याचा राग मला समजतो, तो खरा आहे. पण शेजाऱ्याचं दार बंद झाल्याने आपलं उघडेल, हे मला पटलं नाही आणि मी तसं त्याला सांगितलं. वहिनी त्या रात्री मुलीच्या खोलीत झोपल्या.

25 जून, शनिवार. साउथॉल

पहाटे वेस्टर्न इंटरनॅशनल मार्केटला गेलो. फळं-भाज्यांचा हा घाऊक बाजार विमानतळाच्या जवळ आहे. पिंपळगावच्या बाजार समितीत वाढलेल्या माणसाला क्रेटच्या थप्प्या बघून घरी आल्यासारखं वाटतं. एक गुजराती अडते आहेत, 1972 मध्ये इदी अमीनने युगांडातून हाकललेल्या कुटुंबातले. स्पेनच्या कलिंगडांकडे बोट दाखवून म्हणाले, "हे युरोत घेतलंय. विकणार पौंडात. गुरुवारी लावलेला भाव आज लावला तर घरातून पैसे घालावे लागतील." त्यांनी पाटीवरचा आकडा खडूने बदलला. गिऱ्हाईक कुरकुरलं आणि पुढच्या गाळ्यावर गेलं. तिथेही आकडा बदललेलाच होता.

26 जून, रविवार. डॉलिस हिल

महाराष्ट्र मंडळात गेलो. 1932 सालचं हे मंडळ, त्याची स्वतःची वास्तू आहे. चहाच्या टेबलाभोवती आयटीतली मुलं, सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर बाई, सिटीतल्या, म्हणजे लंडनच्या बँकांच्या भागातल्या, बँकेत असलेले एक गृहस्थ. ते गृहस्थ म्हणाले, आमच्या कंपनीने शुक्रवारीच विचारलंय, फ्रँकफर्ट किंवा डब्लिनला जायची तयारी आहे का? नुकतंच घर घेतलेलं एक जोडपं गप्प बसून होतं. आपल्याकडे मराठी माणसं जमली की दोन तट पडायला वेळ लागत नाही. इथे मात्र ज्याने त्याने आपलं मत खिशात ठेवलं होतं. आवाज चढला तर पुढच्या रविवारी एकत्र बसता येणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक असावं.

27 जून, सोमवार. स्पाल्डिंग

किंग्ज क्रॉसहून पीटरबरो आणि तिथून छोट्या गाडीने स्पाल्डिंग. लिंकनशायरचा हा भाग तळहातासारखा सपाट आहे. पूर्वी दलदल होती, ती आटवून शेती केली. काळी कसदार माती, कोबी, बटाटे, फुलकोबी, मैलोन् मैल. माती बघितल्यावर मी गाडीच्या काचेला नाक लावून बसलो होतो.

इंग्लंडच्या दुकानांत जाणारा भाजीपाला आणि फळं यांचा मोठा हिस्सा या पट्ट्यातल्या पॅकहाउसमधून जातो. आमचे खरेदीदार इथलेच. साठीचे, सरळ बोलणारे इंग्रज गृहस्थ. पाच वर्षांत त्यांनी आमचा एक पौंड बुडवलेला नाही. टेबलावर दरवर्षीसारखा पुढच्या हंगामाचा कच्चा करार होता : आठवडे, पेट्या, मण्यांचा आकार, गोडी. भावाचा रकाना रिकामा होता.

म्हणाले, "मी आकडा लिहू शकत नाही. सुपरमार्केट मला पौंडात देणार, तुम्ही रुपयांत घरी नेणार, जहाजाचं भाडं डॉलरमध्ये. फेब्रुवारीत पौंड कुठे असेल, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही."

मी दुसरा प्रश्न काढला, जो माझ्या दृष्टीने भावाहून मोठा होता. आमच्या द्राक्षांवर कुठल्या औषधाचा किती अंश चालेल, हे युरोपीय संघ ठरवतो. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या औषधाच्या अंशावरून आमचे कंटेनर तिकडे अडले, तेव्हा नाशिक जिल्ह्यात काय झालं ते मी पाहिलंय. चांगल्या चांगल्या बागायतदारांच्या डोक्यावर कर्ज चढलं. त्यानंतर आम्ही फवारणीची डायरी, बागेची नोंदणी, प्रयोगशाळेची तपासणी, सगळं त्या एका नियमावर बसवलं. आता ब्रिटन वेगळा झाला तर इथे नियम कुठला? तोच, की दुसरा? रॉटरडॅमला उतरून ट्रकने इकडे येणाऱ्या मालाची मधे जकातीला पुन्हा तपासणी होणार का? दोन दिवस ट्रक थांबला तर द्राक्षाचा देठ तपकिरी पडतो, मग तो माल कुणी हातात धरत नाही.

त्यांनी हात पसरले. कलम 50 ची, म्हणजे संघ सोडण्याची, नोटीस कधी देणार हे ठरलेलं नाही. दिल्यावर दोन वर्षं. तोपर्यंत सगळं आहे तसं. "आणि त्यानंतर?" मी विचारलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, त्यांनी स्वतः 'सोडा'ला मत दिलंय. ब्रसेल्सचे, म्हणजे युरोपीय संघाचे, कागद भरून भरून जीव मेटाकुटीला आला होता, म्हणून. "पण सोमवारी सकाळी कुणीतरी येऊन पुढचं सांगेल, असं मला वाटलं होतं."

संध्याकाळी बातमी : एस अँड पी या संस्थेने ब्रिटनची पत सर्वोच्च पायरीवरून दोन पायऱ्या खाली आणली. रात्री इंग्लंड फुटबॉलमध्ये आइसलंडकडून हरलं. लॉजच्या खाली पबमध्ये एकदम सामसूम झाली.

28 जून, मंगळवार. स्पाल्डिंग आणि बॉस्टन

सकाळी पॅकहाउस पाहिलं. हंगाम आमचा नव्हता, पट्ट्यावर इजिप्तची द्राक्षं होती. आत कडक थंडी. दोन्ही बाजूंना बायका, डोक्याला जाळी, हातात निळे मोजे. माझ्यासमोरची बाई लिथुआनियाची. तिच्या हातात टोकाला वळलेली बारीक कात्री होती, अगदी आमच्या बागेत विरळणीला वापरतात तशी. घड उचलायचा, बोटांवर फिरवायचा, दबका मणी दिसला की कात्रीच्या टोकाने देठासकट काढायचा, उरलेला घड डबीत बसवायचा. काटा पाचशे ग्रॅमवर. कमी पडले तर चार मण्यांचा एक झुबका वरून. एका डबीला मी मनात मोजलं, दहा-बारा सेकंद. आमच्या बागेत हेच काम पेठ-सुरगाण्याहून आलेल्या बाया करतात, त्याच झपाट्याने.

सुट्टीत तिच्याशी बोललो. तिचंही इंग्रजी माझ्यासारखंच, त्यामुळे बरं जमलं. नऊ वर्षं झाली. मजुरी ताशी 7 पौंड 20 पेन्स, इथला कायद्याचा किमान दर. मुलगी बॉस्टनमध्येच जन्मली. शुक्रवारी शाळेत कुणीतरी मुलीला विचारलं, तू परत कधी जाणार? मुलीने घरी येऊन आईला विचारलं, परत म्हणजे कुठे?

नाशिकचा आहे म्हटल्यावर तिने विचारलं, "फेब्रुवारीची हिरवी द्राक्षं? लांब मण्यांची?" मी म्हटलं हो. तिने दोन्ही हातांनी घड तोलल्यासारखं केलं आणि हसली. आमचा माल तिच्या हातून गेला होता. माझ्या बागेतला घड शेवटचा ज्या हातांनी हाताळला ते हात मी पहिल्यांदाच पाहत होतो.

दुपारी टॅक्सीने बॉस्टनला गेलो. सेंट बोटॉल्फ चर्चचा मनोरा 83 मीटर उंच आहे, या सपाटीत कितीतरी मैलांवरून दिसतो. या गावाने 75.6 टक्के मतं 'सोडा'ला दिली, सबंध देशात सर्वांत जास्त. वेस्ट स्ट्रीटवर पोलिश, लिथुआनियन, लाटवियन पाट्यांची दुकानं ओळीने. 2004 च्या मे महिन्यात पूर्व युरोपातले देश संघात आले, ब्रिटनने त्यांच्या कामगारांना दार लगेच उघडलं आणि दहा वर्षांच्या आत इथे दहातला एक माणूस त्या देशांत जन्मलेला झाला.

टॅक्सीवाले पन्नाशीचे, इथलेच. त्यांनी 'सोडा'ला मत दिलं होतं आणि ते लपवत नव्हते. "मी कोबी काढत होतो, माझे वडील काढत होते. मग गँगमास्टर आले. त्यांनी माणसं व्हॅनमध्ये भरून आणली, एका घरात बारा-बारा ठेवली. मजुरी वाढायची थांबली. घरभाडं वाढलं. डॉक्टरची वेळ मिळेना. आम्ही बोललो तर लंडनचे लोक म्हणाले, तुम्ही मागासलेले."

गँगमास्टर म्हणजे आपला मुकादम. उचल देणारा, टोळी आणणारा, मधे हात मारणारा. 2004 च्या फेब्रुवारीत मोरकॅम्बच्या खाडीत शिंपले गोळा करणारे एकवीस तरी चिनी मजूर भरतीत बुडून मेले, तेव्हा कुठे या मुकादमांना परवाना लागू लागला. मी ऊसतोडीच्या टोळ्या बघितलेल्या आहेत. स्थानिक मजूर आणि बाहेरचा मजूर यांना समोरासमोर उभं केलं की मजुरी कुणाची पडते आणि फायदा कुणाला होतो, हे मला कुणी शिकवायला नको. टॅक्सीवाल्यांचं दुखणं खरं होतं. लिथुआनियाच्या बाईचंही. दोघं एकाच पॅकहाउसच्या भिंतीच्या दोन बाजूंना होते. त्यांच्यापुढे ठेवलेल्या प्रश्नात मुकादमाचं नाव कुठेच नव्हतं.

मी त्यांना आठवड्याच्या 35 कोटी पौंडांबद्दल विचारलं. प्रचाराच्या लाल बसवर लिहिलं होतं की ब्रसेल्सला जाणारे हे पैसे आपल्या आरोग्यसेवेला देऊ. शुक्रवारी सकाळीच 'सोडा'च्या बाजूचे एक पुढारी नायजेल फराज टीव्हीवर म्हणाले की असं म्हणणं ही चूक होती. ती बस त्यांच्या गटाची नव्हती, पण मत त्यांनीही त्याच बाजूने मागितलं होतं. टॅक्सीवाले बराच वेळ गप्प राहिले. "माझ्या आईने त्या बसमुळे मत दिलं," एवढंच म्हणाले. भाडं देताना मी सुटे परत घेतले नाहीत.

30 जून, गुरुवार. लंडन

कालचा दिवस परतीच्या प्रवासात आणि कागदपत्रांत गेला. आज सकाळी 'सोडा'च्या प्रचारातले मोठे पुढारी बोरिस जॉन्सन यांनी पंतप्रधानपदाच्या शर्यतीतून माघार घेतली. विरोधी मजूर पक्षाच्या 172 खासदारांनी परवाच आपल्याच नेत्यावर, जेरेमी कॉर्बिनवर, अविश्वास दाखवलाय. सरकारला धनी नाही आणि विरोधकांनाही नाही.

हॅमरस्मिथला पोलिश सांस्कृतिक केंद्र आहे. रविवारी सकाळी त्याच्या दारावर कुणीतरी अपशब्द रंगवलेले सापडले होते. वहिनी म्हणाल्या, चला जाऊ. शेजारच्या ताईंनाही घेतलं. दारात फुलांचे गुच्छ आणि कार्डं होती, अनोळखी इंग्रजांनी ठेवलेली. ताई वाकून एकेक कार्ड वाचत होत्या. भाऊ कामावरून परस्पर आला. त्याने वाटेत घेतलेली फुलं ताईंच्या हातात दिली नाहीत, खाली बाकीच्या फुलांत ठेवली आणि बाजूला उभा राहिला. ताईंनी पाहिलं. येताना गाडीत तो पुढे, त्या मागे. बोलणं फारसं झालं नाही, पण त्या त्याच्याच गाडीतून आल्या.

1 जुलै, शुक्रवार. लंडन

सकाळी वॉटर्लू स्टेशनवर गर्दीत पहिल्या महायुद्धाच्या गणवेशातले तरुण दिसले. मळखाऊ लोकरी कपडे, बूट, कुणाशी एक शब्द नाही. मी एकाजवळ जाऊन विचारलं तर त्याने एक कार्ड हातात दिलं : एका शिपायाचं नाव, पलटण आणि 1 जुलै 1916 ही तारीख. सोमच्या लढाईचा पहिला दिवस, शंभर वर्षांपूर्वीचा. त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याची एकोणीस हजारांवर माणसं मेली. युरोपात काय राखायला हवं, यावर आठवडाभर एवढी भाषणं ऐकली. त्यांतलं कुठलंच या कार्डाइतकं माझ्या आत गेलं नाही. कार्ड पाकिटात ठेवलं.

2 जुलै, शनिवार. परतीचा प्रवास

हजारो लोक पार्क लेनपासून संसदेपर्यंत युरोपच्या बाजूने मोर्चा काढत होते, ते विमानतळावरच्या टीव्हीवर पाहिलं. भावाने निघताना विचारलं, "रागावलास?" मी म्हटलं, वहिनींशी आणि शेजाऱ्यांशी बोलत राहा, माझ्या रागाचं सोड.

8 जुलै. निफाड

पैसे जमा झाले. दर सत्याऐंशीच्या आसपास लागला. चोवीस लाखांचे एकवीस झाले. संध्याकाळी पॅकहाउसच्या ओट्यावर अकराही जण बसलो. फॉरवर्ड कव्हर न घेण्याचा निर्णय माझा होता हे मी आधी सांगितलं, मग आकडे वाचले. कुणी आवाज चढवला नाही. आमच्यातले सगळ्यांत वयस्कर काका म्हणाले, गारपिटीत याहून जास्त गेलंय. त्यावर त्यांचाच मुलगा म्हणाला, गारपिटीचे पंचनामे तरी होतात.

मग पुढच्या हंगामाचं बोललो. इंग्लंडचा करार भावाच्या रिकाम्या रकान्यासकट समोर होता. आठ जणांनी माल तिकडेच द्यायचं ठरवलं, पण निम्म्या पेट्यांचा दर युरोत मागायचा आणि या वेळी कव्हर घ्यायचं. तिघांनी बेदाण्याकडे आणि इथल्या बाजाराकडे वळायचं ठरवलं. गोडी छाटणीच्या तारखा लावल्या. माझ्या प्लॉटची 5 ऑक्टोबर आली.

उठताना काकांनी विचारलं, तिकडे आपला घड हातात घेणारी ती बाई, ती फेब्रुवारीत असेल ना तिथे?

मी म्हटलं, असेल. कायद्याने अजून दोन वर्षं तरी आहे.

काकांनी मान हलवली आणि टॉर्च घेऊन बागेकडे गेले, मोटर बंद करायची राहिली होती.